युद्धकाळातले विमानवाहू नौकांचे माहितीपट: कोणता आधी पाहावा, कसा पाहावा, काय शोधावं

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरात लढलेल्या विमानवाहू नौकांचं चित्रण आज कुणालाही घरबसल्या, फुकट पाहता येतं. त्यातलं पुष्कळसं रंगीत आहे आणि लढाई चालू असताना, डेकवर उभं राहून टिपलेलं आहे. तरीही बरेच जण ते दहा मिनिटांत बंद करतात, कारण काय पाहायचं हे ठाऊक नसलं की स्फोट, धूर आणि निवेदकाचा चढा आवाज यांपलीकडे हाती काही लागत नाही. काही जण शेवटपर्यंत पाहतात, पण निवेदक म्हणेल तो इतिहास समजून उठतात.

माझ्या मते या फिल्मा पाहण्याची गुरुकिल्ली एकच आहे. त्या प्रचारासाठी बनल्या, पण त्यांतली दृश्यं बऱ्याच अंशी अस्सल आहेत. प्रचार असतो तो निवेदनात, संगीतात आणि तुकड्यांच्या जुळणीत. पुरावा असतो तो डेकवर. डेक वाचता आला की निवेदक कुठे खरं बोलतोय, कुठे काही झाकतोय हे आपोआप उमगायला लागतं. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

सुरुवात 'द फायटिंग लेडी'पासून

पहिली फिल्म म्हणून मी डोळे झाकून 'द फायटिंग लेडी' सुचवतो. १९४४ची, ६१ मिनिटांची, रंगीत. सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर तिला मिळालं. दिग्दर्शक म्हणून नाव एडवर्ड स्टायकन यांचं आहे. ते मूळचे नामवंत छायाचित्रकार, आणि युद्धात नौदलाच्या उड्डाण विभागाचं छायाचित्रण पथक त्यांच्या हाताखाली होतं. निवेदन रॉबर्ट टेलर या हॉलिवूडच्या नटाचं, जो तेव्हा स्वतः नौदलात लेफ्टनंट होता. चित्रण १६ मिलिमीटरच्या कोडाक्रोम फिल्मवर झालं आणि थिएटरसाठी मोठं करून टेक्निकलरमध्ये छापलं गेलं.

ही फिल्म आधी पाहायची, कारण ती एकाच नौकेची गोष्ट सांगते. कोरी करकरीत नौका पनामा कालव्यातून अंग चोरत पलीकडे जाते, नवखी पोरं काम शिकतात, आणि मग एकेक लढाई येते. आपणही त्या पोरांबरोबर डेक शिकत जातो. युद्ध चालू असल्याने फिल्ममध्ये नौकेचं नाव घेतलेलं नाही. ती होती यूएसएस यॉर्कटाउन, क्रमांक सीव्ही-१०. याच नावाची आधीची नौका, सीव्ही-५, जून १९४२मध्ये पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळच्या लढाईत बुडाली. तेव्हा गोदीत दुसऱ्या नावाने बांधली जात असलेल्या नौकेला तिचं नाव देण्यात आलं आणि १५ एप्रिल १९४३ रोजी ती नौदलात दाखल झाली. आज ती अमेरिकेत साउथ कॅरोलिना राज्यात, चार्ल्सटनसमोरच्या पॅट्रियट्स पॉइंटला संग्रहालय म्हणून उभी आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी फिल्म पाहून मगच तिच्या डेकवर पाय ठेवावा. दोन्हींची गोडी वाढते.

पाहायला बसण्यापूर्वी एका कागदावर फिल्ममधल्या पॅसिफिकमधल्या चार लढायांच्या नोंदी करा: मार्कस बेट, ३१ ऑगस्ट १९४३. क्वाजालीन, ४ डिसेंबर १९४३. ट्रुक, १७ आणि १८ फेब्रुवारी १९४४. मारियाना, १९ जून १९४४. फिल्म तारखांच्या बाबतीत हात राखून बोलते, म्हणून हा कागद शेजारी हवा. पहिल्या हल्ल्याचं महत्त्वही त्यामुळे लक्षात राहतं, कारण मार्कस बेटावरच्या त्या हल्ल्यात हेलकॅट हे नवं लढाऊ विमान पहिल्यांदा लढाईत उतरलं.

तिच्यानंतर 'द बॅटल ऑफ मिडवे' घ्या. हॉलिवूडचा दिग्दर्शक जॉन फोर्ड याची, १९४२ची, १८ मिनिटांची. मग त्याच्याच पथकाने घेतलेल्या चित्रणातून बनलेली 'टॉर्पेडो स्क्वाड्रन ८', जी जेमतेम आठ मिनिटांची आहे. त्यापुढे १९४५ची 'द फ्लीट दॅट केम टू स्टे', जिच्यात ओकिनावा बेटाजवळचे कामिकाझे, म्हणजे जपानी वैमानिकांचे आत्मघातकी, हल्ले आहेत. 'व्हिक्टरी अ‍ॅट सी' ही २६ भागांची दूरचित्रवाणी मालिका १९५२-५३ची, म्हणजे युद्धानंतरची. ती भव्य आहे, रिचर्ड रॉजर्सचं संगीत अंगावर येतं, पण ती अगदी शेवटी ठेवा. तिच्यात अनेक ठिकाणचे, अनेक वर्षांचे तुकडे एकत्र शिवलेले आहेत, आणि ते उसवून पाहण्याची नजर आधी तयार व्हायला हवी.

प्रत निवडताना

अमेरिकी सरकारच्या नोकरांनी कामाचा भाग म्हणून केलेलं चित्रण तिकडे सार्वजनिक मालकीचं असतं. त्यामुळे इंटरनेट अर्काइव्हवर आणि यूट्यूबवर एकाच फिल्मच्या डझनभर प्रती सापडतात. नाव इंग्रजीत टाइप करून शोधा आणि पहिलीच प्रत उघडून बसू नका. तीन-चार प्रती अर्धा-अर्धा मिनिट चालवून पाहा.

चित्र चौकोनी, म्हणजे ४:३ प्रमाणातलं असायला हवं. पूर्ण रुंद पडदा भरलेला दिसला, तर कुणीतरी चित्र ताणलंय किंवा वरखाली कापलंय. कापलेल्या प्रतीत आकाशातलं विमान नाहीतर डेकवरचा माणूस हमखास बाहेर जातो. संगणकाने 'सुधारलेल्या' आणि नव्याने रंगवलेल्या प्रती तर टाळाच. तिथे समुद्र, विमान आणि माणसांचे सदरे यांना यंत्राने अंदाजाने रंग दिलेले असतात, आणि पुढे आपल्याला याच रंगांवरून गोष्टी ओळखायच्या आहेत. काही प्रतींवर चित्रण विकणाऱ्यांनी वेळेचे आकडे किंवा आपली खूण उमटवलेली असते. दुसरी प्रत नसेल तर तीही चालेल.

वेगाकडेही लक्ष द्या. त्या काळी सगळे कॅमेरे सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेमनी) चालत नसत. कमी वेगाने घेतलेला तुकडा आज नेहमीच्या वेगाने दाखवला की माणसं तुरुतुरु पळताना दिसतात. असं दिसलं तर यूट्यूबवर वेग ०.७५ करा. थांबवलेल्या चित्रात स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक चौकट मागे-पुढे जाता येतं. फिल्म उतरवून व्हीएलसी या प्लेअरमध्ये पाहत असाल तर 'ई'ची कळ एकेक चौकट पुढे नेते. या लेखातलं निम्मं काम या कळांवर होणार आहे, तेव्हा मोबाइलपेक्षा संगणकावर पाहणं सोयीचं.

पुढे गोडी लागली की अमेरिकेच्या नॅशनल अर्काइव्हजच्या कॅटलॉगमध्ये जा. नौदलाचा ४२८ क्रमांकाचा संग्रह तिथे आहे. त्यात न जुळवलेली कच्ची रिळं मिळतात. निवेदन नाही, संगीत नाही, आणि कधी कधी सुरुवातीला पाटीवर तारीख, जागा लिहिलेली. ब्रिटिश चित्रणासाठी इम्पीरियल वॉर म्युझियमचा संग्रह आणि ब्रिटिश पाथेचं यूट्यूब चॅनेल पाहा.

पहिला फेरा: न थांबवता

पहिल्यांदा आवाज चालू ठेवून सलग पाहा. काहीही लिहू नका. १९४५च्या सुरुवातीला थिएटरात बसलेल्या अमेरिकी आईबापांना ही फिल्म जशी दिसली, तशी ती एकदा तरी आपल्या अंगावरून जाऊ द्यायला हवी. त्यातल्या काहींचा मुलगा तेव्हाही समुद्रावर होता. फिल्ममध्ये ओळखीचे होऊन बसलेले काही चेहरे पुढे परतत नाहीत, आणि ते का मनाला लागतं हे प्रेक्षक म्हणून एकदा अनुभवल्याशिवाय तिची चिकित्सा करू नये.

दुसरा फेरा: आवाज बंद

आता आवाज पूर्ण बंद करा. लढाईत वापरलेले बहुतेक कॅमेरे मुके होते. इंजिनांची घरघर, तोफांचा धडधडाट, माणसांच्या आरोळ्या असं सगळं नंतर स्टुडिओत बसवलेलं आहे. आवाज काढला की बाजूला सारलेली गोष्ट पुढे येते: एवढ्याशा जागेत शेकडो माणसं काय करतायत?

जागा खरोखर एवढीशीच. यॉर्कटाउन ज्या एसेक्स वर्गातली, त्या वर्गातल्या नौकेची एकूण लांबी सुमारे ८७२ फूट. त्यावर ९०च्या आसपास विमानं आणि सुमारे तीन हजार माणसं. डेकच्या मागच्या भागात विमानं खेटून उभी केलेली असतात, आणि उड्डाणासाठी पुढची मोकळी जागा तेवढी उरते. त्यामुळे सगळ्यांत पुढचं विमान सर्वांत कमी जागेत उडतं. म्हणूनच हलकी लढाऊ विमानं पुढे आणि टॉर्पेडो किंवा बॉम्बचं ओझं घेतलेली जड विमानं मागे, असा क्रम दिसतो. हा क्रम एकदा डोळ्यांत बसला की कोणत्याही फिल्ममध्ये चटकन कळतं की हे खरं उड्डाण आहे की दोन वेगळ्या दिवसांचे तुकडे जोडलेत.

उड्डाणाआधी समुद्राकडे पाहा. नौका वाऱ्याच्या दिशेने तोंड वळवते आणि वेग वाढवते. एसेक्स वर्गाचा वेग ३३ नॉटच्या घरात, म्हणजे ताशी सुमारे ६० किलोमीटर. त्यात समोरचा वारा मिळाला की विमानाला जागेवरच निम्मी गती मिळाल्यासारखी होते. डेकवरच्या माणसांचे फडफडणारे कपडे आणि पुढे झुकून चालणं पाहिलं की वाऱ्याचा जोर कळतो. चालू पंख्यांच्या मधून वाकून पळणारी, चाकांखालचे लाकडी ठोकळे काढणारी पोरं दिसतील. मला स्वतःला वैमानिकांपेक्षा हीच मंडळी जास्त पाहाविशी वाटतात. त्यांच्या अंगावरचे सदरे आणि टोप्या कामानुसार रंगीत आहेत. विमानांना हातवारे करून वाट दाखवणारे पिवळ्यात, विमानं ढकलणारे निळ्यात. कोडाक्रोममध्ये हे रंग ताजे दिसतात, आणि मूळ रंगीत प्रत का हवी याचं उत्तर इथे मिळतं.

उतरणं हा या फिल्मांचा गाभा. डेकच्या मागच्या टोकाला, डाव्या बाजूला, दोन्ही हातांत रंगीत फळ्या धरलेला माणूस शोधा. तो लँडिंग सिग्नल ऑफिसर, आणि तो स्वतः अनुभवी वैमानिक असतो. येणारं विमान वर आहे की खाली, कललेलं आहे का, वेग किती, हे तो हातांनी सांगतो. अमेरिकी पद्धतीत हात वर म्हणजे 'तू जास्त उंचावर आहेस'. ब्रिटिश पद्धतीत त्या काळी नेमकं उलट, हात वर म्हणजे 'वर ये'. दोन्ही आरमारं एकत्र काम करायला लागली तेव्हा हा फरक जिवावरचा होता, आणि युद्धानंतर ब्रिटिशांनी अमेरिकी पद्धत घेतली. उजवी फळी गळ्यावरून आडवी फिरली की इंजिन बंद कर, उतर. दोन्ही फळ्या डोक्यावर जोरात हलल्या की उतरू नकोस, फेरी मारून परत ये. हा हुकूम मोडता येत नाही.

विमान टेकलं की शेपटीखालचा हूक डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एकीत अडकतो आणि विमान थोड्याच अंतरात थांबतं. हूक चुकला तर पुढे तारांचं कुंपण उभं असतं. त्याच्याही पुढे, आधी उतरलेली विमानं उभी असतात. कुंपणात नाक खुपसलेलं विमान दिसलं की तो अपघात तर आहेच, पण त्या कुंपणाने पुढची दहा-वीस विमानं आणि माणसं वाचवलेली असतात. विमान थांबताक्षणी दोन पोरं वाकून धावतात, हूक सोडवतात, कुंपण खाली पडतं, विमान पुढे जातं, कुंपण परत उभं राहतं. पुढचं विमान तोवर शेपटीवर आलेलं असतं. चौकट-चौकट करून हा तुकडा एकदा पूर्ण पाहा. निवेदक या सगळ्यावर एखादं वाक्य बोलून पुढे जातो.

विमान पुढे गेलं की पंख मिटवले जातात. इथे विमान ओळखण्याची सोपी खूण आहे. वाइल्डकॅट, हेलकॅट आणि अ‍ॅव्हेंजर यांचे पंख मागे वळून अंगाला चिकटतात. हेलडायव्हर आणि कोर्सेअर यांचे पंख वर उचलले जातात. डॉन्टलेसचे पंख मिटतच नाहीत, आणि त्याच्या पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या झडपांना गोल छिद्रं असतात. कोर्सेअर तर पंख न मिटताही कळतो, त्याचे पंख अंगाजवळ खाली वाकलेले असतात. जपानी वाल बॉम्बफेकी विमानाची चाकं आत जात नाहीत, उडतानाही लटकत राहतात. एवढ्या खुणा पाठ झाल्या की बहुतेक विमानं ओळखता येतात.

चित्रणाची तारीख ठरवणं

अमेरिकी विमानांवरची खूण हे या कामातलं सर्वांत उपयोगी साधन. मे १९४२पर्यंत निळ्या वर्तुळातल्या पांढऱ्या ताऱ्याच्या मध्यभागी लाल ठिपका होता, आणि नौदलाच्या विमानांच्या शेपटीवर लाल-पांढरे पट्टे होते. जपानी विमानांवर लाल सूर्य असल्याने लढाईत घोटाळा व्हायचा, म्हणून दोन्ही काढले. १९४३च्या उन्हाळ्यात ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे आले, त्यांना आधी लाल कड दिली, आणि काही आठवड्यांतच ती बदलून निळी केली. म्हणजे लाल ठिपका दिसला तर चित्रण मिडवेच्या आधीचं. नुसता तारा असेल तर साधारण मिडवे आणि ग्वादलकॅनालचा काळ. लाल कडेचे पट्टे अगदी थोड्या महिन्यांचे. निळ्या कडेचे पट्टे असतील तर त्यानंतरचं. विमान अंगभर गडद चकचकीत निळं असेल तर १९४४ किंवा पुढचं.

आता 'द बॅटल ऑफ मिडवे' किंवा त्या लढाईवरचा कोणताही नवा कार्यक्रम लावा. ४ जून १९४२ असं निवेदक सांगत असताना पडद्यावर पट्टेवाला तारा आणि हेलकॅट दिसलं, तर ते चित्रण किमान एक वर्ष नंतरचं आहे. नव्या कार्यक्रमांत हे इतकं सर्रास सापडतं, की घरातल्या मुलांना सोबत बसवलंत तर ती तुमच्याआधी ओळखायला लागतील.

नौकेवरूनही काळ सांगता येतो. युद्धकाळात डेक सरळ असे. कोनात काढलेला दुसरा धावपट्टा ही १९५०नंतरची ब्रिटिश कल्पना. डेकवरच्या लांब चरीतून वाफ निघत असेल तर ते वाफेचं कॅटापल्ट, म्हणजे विमानाला जोराने पुढे फेकणारं यंत्र, तेही युद्धानंतरचं. पण इथे थोडं सावध राहा. जपानी नौकांच्या डेकच्या पुढच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवण्यासाठी वाफेचा बारीक झोत सोडत, आणि तो अस्सल युद्धकाळातला आहे.

उसनं आणि उभं केलेलं चित्रण

काही तुकडे इतक्या फिल्मांत फिरलेत की ते कुठले हेच विसरलं गेलंय. डेकच्या मागच्या कडेला आपटून दोन तुकडे होणारं, आगीच्या गोळ्यातून पुढे घरंगळणारं विमान तुम्ही नक्की पाहिलं असेल. ते १९५१ साली यूएसएस मिडवे या नौकेवर झालेल्या अपघातातलं पँथर जेट आहे, आणि वैमानिक त्यातून वाचला. दुसऱ्या महायुद्धाच्या गोष्टीतही ते वापरलं गेलंय. चौकटी थांबवून पाहा: पुढे पंखा नाही.

पर्ल हार्बरबाबत तर जास्तच काळजी घ्या. ७ डिसेंबर १९४१च्या हल्ल्याचं खरं चित्रण थोडं आहे. नंतर 'डिसेंबर सेव्हन्थ' ही फिल्म ग्रेग टोलंड आणि जॉन फोर्ड यांनी केली. तिच्यात प्रतिकृती आणि पडद्यामागची करामत वापरून हल्ला पुन्हा उभा केला आहे. मूळची मोठी फिल्म नौदलाला पटली नाही, ती कापून ३४ मिनिटांची केली आणि तिला ऑस्कर मिळालं. तिच्यातले स्फोट पुढे अनेक माहितीपटांत खरे म्हणून आले. जपानी बाजूलाही तेच घडलं. तोहो स्टुडिओने डिसेंबर १९४२मध्ये हवाई आणि मलायाच्या लढायांवर कथापट काढला, त्याची लघुप्रतिकृतीची दृश्यं एइजी त्सुबुराया यांनी केली. पुढे १९५४मध्ये गॉडझिला पडद्यावर आणणारे तेच. त्यांचं पर्ल हार्बरही पुष्कळदा अस्सल समजून वापरलं गेलं.

ओळखायचं कसं? पाण्याकडे पाहा. प्रतिकृतीच्या हौदातल्या लाटा आणि तुषार नौकेच्या मानाने मोठे असतात, कारण पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: कॅमेरा उभा कुठे आहे? हल्ला करणाऱ्या विमानाच्या पुढ्यात, हवेत, स्थिर राहून घेतलेलं दृश्य खऱ्या हल्ल्यात कोण घेणार?

उलट खरेपणाच्याही खुणा असतात. मिडवे बेटावर फोर्ड वीजघराच्या छपरावरून चित्रण करत होता आणि तिथे तो जखमी झाला. जवळ बॉम्ब पडतो तेव्हा चित्र जागेवरून उडतं, चौकटीची कड दिसते. हादऱ्याने फिल्म कॅमेऱ्यातच सरकलेली आहे. फोर्डने ते तुकडे काढून टाकले नाहीत. गन कॅमेऱ्याचं चित्रणही असंच ओळखू येतं. तो विमानाच्या बंदुकांबरोबर चालतो, म्हणून दृश्य काही सेकंदांचं, थरथरणारं, आणि लक्ष्य जवळजवळ चौकटीच्या मध्यावर. 'द फायटिंग लेडी'त अशा तुकड्यांची रेलचेल आहे.

तिसरा फेरा: निवेदकाला ऐकणं

आता आवाज परत चालू करा आणि प्रत्येक दाव्याला विचारा, हे चित्रात आहे का?

मिडवेच्या लढाईत जपानच्या अकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू या चार विमानवाहू नौका बुडाल्या. पहिल्या तिघींचा घात डॉन्टलेस विमानांनी सकाळी काही मिनिटांत केला. फोर्डचा कॅमेरा तिथे नव्हता, तो बेटावर होता. म्हणून त्याच्या फिल्ममध्ये बेटावरून उडणारी मोठी बी-१७ विमानं ठसठशीत दिसतात. प्रत्यक्षात त्यांचा एकही बॉम्ब जपानी जहाजावर पडला नाही. जे टिपता आलं ते महत्त्वाचं ठरलं, आणि जे निर्णायक होतं ते पडद्याबाहेर राहिलं. जपानी सांकेतिक संदेश फोडल्यामुळे अमेरिकी आरमार दबा धरून बसलं होतं, ही गोष्ट तर गुपितच होती.

'टॉर्पेडो स्क्वाड्रन ८' मात्र निवेदनावाचूनही पुरेशी आहे. हॉर्नेट नौकेवरचे तरुण आपापल्या विमानापाशी उभे राहून कॅमेऱ्याकडे पाहून हसतात. ४ जूनला हॉर्नेटवरून गेलेली त्यांची पंधराही डिव्हास्टेटर विमानं पाडली गेली, आणि त्यांतल्या तीस जणांपैकी एकटा जॉर्ज गे वाचला. फोर्डने ही छोटी फिल्म त्या मुलांच्या घरच्यांसाठी करून घेतली. ती पाहताना चौकटी थांबवू नका.

शत्रूबद्दलची भाषा कानाला खुपेल, खुपायलाच हवी. जपानी माणूस या फिल्मांत कीटक किंवा सावज असल्यासारखा बोलला जातो. १९ जून १९४४च्या लढाईला वैमानिकांनी टर्की पक्ष्यांच्या शिकारीचं नाव दिलं. तीनशेहून अधिक जपानी विमानं पडली, त्यामागे जपानकडे शिकलेल्या वैमानिकांची उणीव आणि अमेरिकेच्या रडारची मदत होती. पडद्यावर ती केवळ नेमबाजी वाटते. आणखी एक शोधा: कृष्णवर्णीय खलाशी किती आणि कोणत्या कामावर दिसतात. त्या काळच्या अमेरिकी नौदलात त्यांना मुख्यतः अधिकाऱ्यांच्या भोजनसेवेत ठेवत, लढाईच्या वेळी मात्र तोफांवर उभं करत.

दुसऱ्या आरमारांचं चित्रण

जपानचा साप्ताहिक वार्तापट 'निप्पॉन न्यूज' एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या युद्धविषयक ऑनलाइन संग्रहात आहे. भाषा न कळताही पाहा. डेकच्या कडेला ओळीने उभे राहून टोप्या हलवणारे खलाशी तिथे दिसतात. फळ्यावाला माणूस शोधाल तर सापडणार नाही, जपानी वैमानिक डेकच्या बाजूच्या दिव्यांवरून उतरत. अकागी आणि हिर्यू यांचा मनोरा डाव्या बाजूला आहे, इतर बहुतेक नौकांचा उजवीकडे.

ब्रिटिश नौकांच्या डेकला पोलादी चिलखत होतं, अमेरिकी डेक लाकडी. १९४५च्या चित्रणात हा फरक भयंकर स्पष्ट दिसतो. १९ मार्च १९४५ रोजी यूएसएस फ्रँकलिनवर बॉम्ब पडले तेव्हा डेकवर आणि खाली इंधन-दारूगोळा भरलेली विमानं उभी होती, आणि सातशेहून अधिक माणसं गेली. ते चित्रण मुलांना दाखवण्याआधी एकट्याने पाहून घ्या.

आपल्याकडचे दुवे

हे युद्ध आपल्या किनाऱ्यालाही लागलं होतं. एप्रिल १९४२मध्ये जपानी विमानवाहू नौका हिंदी महासागरात आल्या. ५ तारखेला कोलंबोवर हल्ला झाला, ६ तारखेला विशाखापट्टणम आणि काकीनाडावर बॉम्ब पडले, आणि ९ तारखेला ब्रिटिशांची हर्मिस ही विमानवाहू नौका श्रीलंकेच्या बट्टिकलोआजवळ बुडवली गेली. त्याच काळात मुंबईत सरकारी युद्धपट बनत होते. त्यासाठी नेमलेल्या फिल्म अ‍ॅडव्हायजरी बोर्डाशी व्ही. शांताराम काही काळ जोडलेले होते. १९४३पासून थिएटरांना खेळाबरोबर सरकारमान्य फिल्म दाखवणं सक्तीचं झालं. स्वातंत्र्यानंतर, १९४८मध्ये, मुंबईतच फिल्म्स डिव्हिजन आली आणि मुख्य चित्रपटाआधी माहितीपट ही सवय आपल्या दोन पिढ्यांना लागली.

आपली पहिली विक्रांत युद्धकाळातच जन्मलेली. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी इंग्लंडमध्ये हर्क्युलिस नावाने तिची बांधणी सुरू झाली, २२ सप्टेंबर १९४५ रोजी ती पाण्यात उतरली, तोवर युद्ध संपलं होतं. भारताने १९५७मध्ये ती घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात आली. तिची जुनी चित्रणं वर सांगितलेल्या खुणा लावून पाहा. अंग युद्धकाळातल्या हलक्या ब्रिटिश नौकेचं, पण पूर्ण करताना बसवलेला कोनातला डेक आणि वाफेचं कॅटापल्ट पन्नाशीच्या दशकातलं. ४ डिसेंबर १९७१ला कॉक्स बाजार आणि चितगाववर गेलेली सी हॉक विमानं याच डेकवरून सुटली.

विक्रांत १९९७मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून होती, आणि शेवटी तिथल्याच दारूखाना या जहाजं मोडण्याच्या जागी मोडली गेली. तिच्या डेकवर उभं राहण्याची संधी त्यामुळे आता नाही. गोव्यात मात्र बोगमाळोजवळ नौदलाचं उड्डाण संग्रहालय आहे, आणि तिथे सी हॉक आणि अलिझे ही विमानं उभी आहेत. फिल्म पाहून झाल्यावर जायचं. आधी विमानाच्या शेपटीखाली वाका आणि हूक शोधा, तो किती जाड आहे ते पाहा. मग पंखाचा सांधा कुठे आहे ते बघा आणि पंख कोणत्या बाजूला वळत असेल याचा अंदाज बांधा. घरी आलात की तेच विमान विक्रांतच्या चित्रणात शोधून तो अंदाज ताडून पाहा.